शौकतभाईंचे दांडू

शौकतभाई खतिबांना समोरच्या माणसाला "नाही" म्हणता येत नसे. आवाज होता, हुद्दा होता, हाताखाली अडतीस माणसं होती, पण तो एक शब्द काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडायचा नाही. दापोलीपुढच्या एका खेड्यातून ते ब्याऐंशी साली माळी म्हणून दुबईला आले आणि सोळा वर्षांत खाडीजवळच्या एका मोठ्या बागेचे फोरमन झाले. या सगळ्या चढणीत "इन्शाल्ला, होईल" या दोन शब्दांचा मोठा वाटा होता. गुरुवारपर्यंत हिरवळ पाहिजे? इन्शाल्ला, होईल. खजुराची वीस झाडं या टोकाची त्या टोकाला न्यायची? इन्शाल्ला. हाताखालच्या माणसांना त्यातली खुबी ठाऊक होती. शौकतभाईंनी "इन्शाल्ला" चटकन म्हटलं तर काम होणार, आणि शेवटचा "ला" लांबवला तर कुणी फावड्याला हात लावायची गरज नाही.

ही खुबी बागेचे मॅनेजर अबू सैफ यांना मात्र ठाऊक नव्हती.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात अबू सैफ गुडघा दाखवायला इंग्लंडला गेले. तिथे त्यांच्या भाच्याने त्यांना एका टेकडीवरच्या बागेत फिरवून आणलं. गुडघा होता तसाच राहिला, पण अबू सैफ परत आले ते फोटोंचा गठ्ठा घेऊन. मीटिंगच्या टेबलावर त्यांनी तो पसरला. उतारच्या उतार लाल, गुलाबी, जांभळ्या फुलांनी झाकून गेलेले, पान दिसेल तर शपथ.

"ऱ्होडोडेंड्रॉन," अबू सैफ म्हणाले. "ये अपने पार्क में मंगता है."

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हेमा देवस्थळी बसली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून शिकून आलेली, नवऱ्याच्या व्हिसावर दुबईत येऊन सहा महिन्यांपूर्वी इथे असिस्टंट इंजिनियर म्हणून लागलेली. तिने फोटो बघितले आणि सरळ सांगितलं, "सर, नॉट पॉसिबल. याला आंबट माती लागते, आपली चुनखडीची. याला गोडं पाणी लागतं, आपलं खारट. आणि हे डोंगरातल्या थंडीतलं झाड आहे. आपल्याकडे जुलैत सेहेचाळीस डिग्री असते."

अबू सैफनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान वळवली. "शौकत?"

शौकतभाईंनी हे झाड जन्मात पाहिलं नव्हतं. नावही नीट ऐकू आलं नव्हतं. पण मॅनेजर विचारतोय म्हटल्यावर तोंड आपोआप उघडलं.

"इन्शाल्ला, अरबाब."

"ला" चांगलाच लांब होता. अडतीस माणसांपैकी कुणीही तो ओळखला असता.

"खलास," अबू सैफ म्हणाले, म्हणजे ठरलं, आणि फोटो गोळा करून उठले.

बाहेर पॅसेजमध्ये हेमाने त्यांना गाठलं. "शौकतभाई, तुम्हाला हे झाड माहीत आहे?"

"बघितलंय ना मॅडम."

"कुठे?"

"आत्ताच. फोटोत."

घरी आल्यावर त्यांनी मुलीला, सायराला, ते नाव विचारलं. ती सातवीत होती आणि अब्बांचं इंग्रजी सुधारणं ही तिची आवडती करमणूक होती. तिने कागदावर लिहून दिलं, पाच वेळा म्हणून दाखवलं. शौकतभाईंनी पाच वेळा म्हटलं. दर वेळी वेगळं.

"अब्बा, नॉट रोडोदंडोरा! ऱ्हो-डो-डेन-ड्रॉन."

"रोडोदांड... रोडो..." शौकतभाई दमले. "दांडू. विटीदांडूतला दांडू. बस झालं."

दुसऱ्या दिवसापासून बागेत सगळेच दांडू म्हणू लागले. महिन्याभराने हेमाच्या तोंडूनही तेच निघालं. तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

आता होकार गेलाच आहे तर काम करण्यावाचून इलाज नव्हता. बागेच्या उत्तर बाजूला काचेची एक मोठी खोली रिकामी पडून होती. पूर्वी तिथे परदेशी पक्षी ठेवत. ते दुसरीकडे हलवल्यावर आत मोडक्या खुर्च्या येऊन बसल्या होत्या. एसी चालू होता. हेमाने त्या खोलीचा नकाशा काढला. इथल्या वाळूचा कणही लागू द्यायचा नाही, जमिनीवर विटांचे उंच वाफे बांधायचे, त्यात बाहेरून मागवलेलं पीट, म्हणजे दलदलीतली आंबट माती, आणि पाइनच्या सालीचा चुरा भरायचा, काचेवर हिरवी जाळी टाकायची. झाडं चाळीस, जास्त नाहीत. हे सगळं जमण्यासारखं होतं. अडलं पाण्यापाशी.

बागेला मिळणारं पाणी होतं सांडपाणी शुद्ध केलेलं. त्याने बोगनवेल खूष असे, दांडू आठवड्यात मान टाकतील असं हेमाचं म्हणणं. नळाचं पाणीही या झाडांना मानवणारं नव्हतं. बाटलीबंद पाणी आणायचं म्हटलं तर अबू सैफनी भुवया उंचावल्या.

शौकतभाई दोन दिवस बागभर फिरत होते. तिसऱ्या दिवशी ते हेमाला ऑफिसच्या मागच्या बोळात घेऊन गेले. तिथे भिंतीवर एसीची पाच डबडी लटकत होती आणि त्यांच्या नळ्यांमधून पाणी टपटपत होतं. त्या थेंबांखाली फरशीच्या फटीतून नेच्याचं एक हिरवंगार झुडूप वर आलं होतं. दुबईत, ऑगस्टात, कुणी न लावलेलं.

"हे पाणी मोजा," शौकतभाई म्हणाले.

हेमाने क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा बघितला. मीटर झटकून पुन्हा बुडवला. "शौकतभाई, यात क्षार जवळजवळ नाहीतच. पावसाच्या पाण्यासारखं आहे."

त्यानंतरचे पंधरा दिवस शौकतभाईंना आवरणं कठीण होतं. हा शोध त्यांनी तिकीट खिडकीवरच्या माणसाला सांगितला, मशिदीतल्या इमामांना सांगितला, घराखालच्या मल्याळी किराणावाल्याला दोनदा सांगितला. पण नुसते सांगत बसले नाहीत. ऑफिस, तिकीटघर, नमाजाची खोली, कॅफेटेरिया, जिथे जिथे एसी टपकत होता तिथे तिथे निळी पिंपं उभी राहिली. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत एकेक यंत्र दिवसाला दोन-दोन बादल्या पाणी देई. थंडीत थेंबही नसे, म्हणून उन्हाळ्याचं पाणी साठवायला त्यांनी एक जुनी टाकी घासूनपुसून घेतली. अन्वरीने, त्यांच्या बायकोने, घरातल्या एसीखालची बादली मात्र न्यायला साफ मनाई केली. ती तिच्या पुदिन्याची होती.

नोव्हेंबरात हॉलंडहून विमानाने चाळीस रोपं आली. एकेक रोप नव्वद दिरहमचं. "म्हणजे हजार रुपये," शौकतभाईंनी मोठ्यांदा हिशेब केला आणि उचलणाऱ्या माणसांनी पावलं जपून टाकायला सुरुवात केली.

हेमाने बजावून सांगितलं होतं, हे झाड वरवर लावायचं. मुळं उथळ असतात. मातीच्या पातळीच्या जरा वरच ठेवायचं, शेण, लेंडी काही घालायचं नाही. शौकतभाईंनी मान डोलावली होती. पण लावणीच्या दिवशी हेमाला हेड ऑफिसमधून बोलावणं आलं आणि शौकतभाई चाळीस रोपांसोबत एकटे राहिले. एवढ्या लांबून आलेली पाहुणी मंडळी, त्यांना असं उपाशी, उघडं ठेवायचं? हेमा परत येईपर्यंत बारा रोपं त्यांनी आपल्या पद्धतीने लावली. खोल खड्डा, खाली बकरीच्या लेंडीचं खत, वर पायाने घट्ट दाबलेली माती. त्यात लबाडी नव्हती, लाड होते.

डिसेंबर अर्धा झाला तोवर त्या बारांची पानं तपकिरी होऊन खाली लोंबायला लागली. अबू सैफ फेरीला आले.

"शौकत, ये क्या हुआ?"

"सोया है अरबाब. ठंडी में सोता है."

अबू सैफनी समजूतदारपणे मान हलवली आणि पाय न वाजवता पुढे गेले. हेमा तिथेच उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही. शौकतभाईंना ते बोलण्याहून जास्त लागलं. दुपारी त्यांनी एक झोपलेला दांडू उपटून पाहिला. मुळं काळी पडून कुजली होती, वास येत होता. ते रोप हातात घेऊनच ते हेमाच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, बारा मी मारले."

"मला माहीत होतं," हेमा म्हणाली. "बसा. अठ्ठावीस आहेत अजून."

त्या दिवशी ती त्यांना तासभर शिकवत होती आणि शौकतभाई, ज्यांना सोळा वर्षांत कुणी झाडाबद्दल काही सांगायला धजलं नव्हतं, मुकाट्याने ऐकत होते. पापड वाळत घालतात तसं हे झाड मातीवर ठेवायचं, असा त्यांनी त्याचा सारांश काढला. हेमाला तो पटला.

अठ्ठावीस दांडू जगले. दोनांनी पुढे काही कारण न सांगता निरोप घेतला, सव्वीस राहिले. हिरवे, जाड पानांचे, तजेलदार. कळ्याही धरल्या. पण नव्याण्णवची थंडी गेली, दोन हजारची गेली, कळी काही उघडेना. टपोरी व्हायची, तशीच सुकायची आणि गळून पडायची. दर फेब्रुवारीत अबू सैफ येत, हात मागे बांधून वाफ्यांभोवती एक चक्कर मारत आणि विचारत, "शौकत, फूल?" शौकतभाई आकाशाकडे बोट दाखवत. कॅफेटेरियातले लोक त्या खोलीला शौकतभाईंचं पालेभाजीचं दुकान म्हणू लागले होते.

"त्यांना खरी थंडी लागते," हेमा सांगे. "सहा आठवडे, पाच-सहा डिग्री. मग त्या कळीला वाटतं हिवाळा संपला, आता उमलायचं. आपलं यंत्र अठराच्या खाली जात नाही." तिने मोठ्या यंत्रासाठी अर्ज केला होता. अर्ज हेड ऑफिसला पोचला होता आणि तिथे सुखात होता.

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी सकाळी काचेच्या खोलीतला कॉम्प्रेसर बसला. दहा वाजता आत तीस डिग्री झाली, अकराला चौतीस. मेकॅनिकने आत डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, पार्ट जर्मनीहून येणार, सहा-सात आठवडे.

"सहा तास जगणार नाहीत," शौकतभाई म्हणाले. सुट्टीचा दिवस, हेमा घरी, अबू सैफ वाळवंटात तंबू ठोकून बसलेले. शौकतभाईंनी ऑफिसचा फोन उचलला आणि जहूरला लावला. जहूर त्यांच्या गावाच्या पलीकडच्या वाडीतला, रास अल खोरमध्ये एका भाजीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात थंड खोल्या सांभाळायचा.

"जहूर, तुझ्याकडे जागा आहे?"

"किती माणसं?"

"माणसं नाहीत. सव्वीस झाडं."

"शौकत, ऊन लागलंय का तुला?"

तासाभरात ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळलेले सव्वीस दांडू दोन पिकअपमध्ये बसून रास अल खोरला निघाले. पुढच्या गाडीत शौकतभाई, मांडीवर सगळ्यात नाजूक रोप. जहूर गोदामाच्या दारात वाट बघत होता.

"कुणाच्या लग्नाचं डेकोरेशन म्हणायचं हे?" त्याने विचारलं, पण दार उघडलं. दोन खोल्या होत्या. एकीत सफरचंदांच्या पेट्या, एकीत गाजर आणि कोबी. सफरचंदांच्या खोलीत जागा ऐसपैस होती. पहिली चार रोपं आत गेलीसुद्धा, तेवढ्यात निरोप मिळालेली हेमा नवऱ्याच्या गाडीतून उतरून धावतच आली.

"सफरचंदात नाही! बाहेर काढा, बाहेर काढा!"

जहूर दचकला. "सफरचंद चावतं का यांना?"

"सफरचंदातून गॅस निघतो. कळ्या गळतात त्याने. गाजरात ठेवा."

मग दांडू गाजरात गेले. हेमाने भिंतीवरचं थर्मामीटर बघितलं. पाच डिग्री. ती तशीच उभी राहिली, आणि एकदम हसायला लागली. शौकतभाईंना वाटलं, हिलाही ऊन लागलं.

"शौकतभाई, पार्ट यायला किती दिवस म्हणाला?"

"सहा-सात आठवडे."

"आणि मी दोन वर्षं काय मागत होते?"

शौकतभाईंच्या डोक्यात उजेड पडायला तेवढाच वेळ लागला जेवढा जहूरला दार लावून घ्यायला. पडल्यावर मात्र लख्ख पडला. त्यांनी तिथल्या तिथे जहूरला सांगितलं की खोलीतली ट्यूबलाइट रोज दिवसभर चालू राहिली पाहिजे, गाजरांना सांगून ठेव.

पुढचे सहा आठवडे शौकतभाई एक दिवसाआड रास अल खोरला जात आणि पाच डिग्रीत अर्धा तास बसून प्रत्येक रोपाच्या मुळाची माती बोटाने चाचपत. बाहेर येत ते पस्तीस डिग्रीत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं नाक वाहू लागलं.

"ऑक्टोबरात दुबईत सर्दी झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय," अन्वरी काढा देत म्हणाली. "लोकांना काय सांगू, गाजरात बसतो म्हणून?"

"अब्बा, यू आर सो वीअर्ड," सायरा म्हणाली आणि तिने आपली शाळेच्या नाटकातली लोकरी कानटोपी त्यांना दिली. ती गुलाबी होती. शौकतभाई ती घालून जात. गोदामातले हमाल त्यांना लांबून सलाम करू लागले.

डिसेंबरच्या सुरुवातीला कॉम्प्रेसर सुरू झाला आणि दांडू घरी परतले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातला, शौकतभाई पाणी घालायला आत शिरले तर कोपऱ्यातल्या रोपाची एक कळी फाटली होती. फटीतून लाल दिसत होतं. असं लाल, की त्यांनी आधी हात पुसले आणि मग बोट लावलं. कुणाला हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिले. माणसं फावडी घेऊन दाराशी जमली, तेव्हा ते म्हणाले, "जरा थांबा रे. गडबड करू नका."

सव्वीसांपैकी एकोणीस फुलले. अबू सैफनी मोठ्या साहेबांना बोलावलं, लाल फीत लावली. साहेब मंडळी आली, काचेच्या खोलीत चार मिनिटं थांबली. एकाने फूल प्लास्टिकचं आहे का विचारलं. मग सगळे कॉफीकडे वळले. अबू सैफ पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होते, थंड खोलीची ही सगळी योजना आमच्या शौकतची.

शौकतभाईंनी तोंड उघडलं. हेमा समोरच उभी होती. त्यांनी तोंड मिटलं, घसा खाकरला.

"अरबाब, दिमाग मॅडम का," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लेकिन फोन मेरा."

एवढ्यासाठीच दोन-अडीच वर्षं खपलो का, असं त्या संध्याकाळी त्यांना वाटून गेलं. चार मिनिटं. आणि प्लास्टिक.

पुढच्या शुक्रवारी दुपारी निळ्या युनिफॉर्ममधला एक सिक्युरिटी गार्ड एकटाच आत आला. पलीकडच्या इमारतीवर कामाला असलेला, टेकबहादूर नावाचा नेपाळी. तो लाल फुलांच्या झाडासमोर जो उभा राहिला तो हलेचना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शौकतभाई जवळ गेले.

"क्या देखता है भाई?"

"गुराँस," तो म्हणाला. "लालीगुराँस. हमारे गाँव में चैत में पूरा पहाड़ लाल हो जाता है." आणि अगदी सहज, आपल्या परसात उभा असल्यासारखा, त्याने एक पाकळी तोडून तोंडात टाकली.

शौकतभाई ओरडले ते तिकीटघरापर्यंत ऐकू गेलं. हॉलंडच्या या जाती विषारी असू शकतात, पान, फूल काही तोंडात घालायचं नाही, असं हेमाने शंभर वेळा सांगितलं होतं. टेकबहादूर म्हणत होता, आमच्याकडे सगळेच खातात, आई लोणचंसुद्धा घालते. शौकतभाईंनी त्याला दंडाला धरून नळाशी नेलं, चुळा भरायला लावल्या, लबानची, म्हणजे ताकाची, बाटली पाजली आणि खुर्चीवर बसवून स्वतः समोर बसले.

"चक्कर आता है?"

"नहीं साब."

पाच मिनिटांनी पुन्हा, "चक्कर?"

"नहीं साब."

असा तासभर गेला. चक्कर काही आली नाही, पण मधल्या वेळात टेकबहादूरने त्यांना पोखऱ्याच्या वरचं आपलं गाव सांगितलं, चार वर्षांत न मिळालेली रजा सांगितली, तो इकडे आल्यावर जन्मलेल्या मुलीचं नाव सांगितलं. शौकतभाईंनी स्वतःची पहिली पाच वर्षं सांगितली, आठ जणांच्या खोलीतली. सायराला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती चालत होती, हे त्यांनी हेमालाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी टेकबहादूर अकरा जणांना घेऊन आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पवरून एक आख्खी बस आली. इस्त्रीचे शर्ट, काहींच्या डोक्यावर नक्षीच्या टोप्या. साठ माणसं रांगेत उभी राहिली, एकेक जण झाडाशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. शौकतभाई गळ्यात शिट्टी अडकवून रांगेच्या कडेने फेऱ्या मारत होते. "देखो, खाओ मत! ए टोपीवाला, हाथ पीछे!"

अबू सैफना बातमी लागली. ते स्वतः आले, कोपऱ्यात उभे राहून बराच वेळ ती रांग बघत राहिले. परत जाताना त्यांनी दोन हुकूम दिले. शुक्रवारी खोली दोन तास जास्त उघडी ठेवायची. आणि अरबी-इंग्रजी पाटीवर तिसरी ओळ घालायची, या लोकांच्या भाषेत. ती ओळ शौकतभाईंनी स्वतः रंगवली. टेकबहादूरने कागदावर लिहून दिलेली अक्षरं बघून ते चकित झाले होते. "अरे, ही तर आपलीच अक्षरं!" मात्र 'लालीगुराँस'वरचा चंद्रबिंदू त्यांनी इतक्या उत्साहाने काढला की तो लांबून गलबतासारखा दिसे.

त्यानंतर तीन वर्षं दर ऑक्टोबरात दांडू गाजरात मुक्कामाला गेले आणि दर जानेवारीत रांग लागली. हेमा दोन हजार दोनमध्ये नवऱ्याच्या बदलीमुळे अबू धाबीला गेली. जाताना तिने माती तपासायचा मीटर शौकतभाईंच्या हातात ठेवला. तोवर ते तिच्याइतकंच अचूक वाचन घेत, फक्त आकडा सांगताना "अंदाजे" म्हणायची त्यांची सवय गेली नव्हती.

दोन हजार चारच्या वसंतात बागेचा नवा आराखडा आला. काचेच्या खोलीच्या जागी पार्किंग होणार होतं. झाडं आता सातच उरली होती, तीही थकलेली. दोन अबू सैफनी आपल्या दिवाणखान्यात नेली. उरलेली पाच कुंड्यांत लावून, पिकअपमध्ये घालून शौकतभाई एका सकाळी अबू धाबीला गेले. हेमाने नव्या नोकरीच्या ठिकाणी, एका रोपवाटिकेच्या थंड खोलीत, त्यांच्यासाठी जागा केली होती. कुंड्या कुठे ठेवायच्या यावरून दोघांचं अर्धा तास वाजलं. दोघांनाही दाराजवळची जागा मान्य नव्हती, शेवटी कुंड्या दाराजवळच राहिल्या. मग तिच्या घरी जेवण झालं. तिच्या दोन वर्षांच्या मुलीने शौकतभाईंच्या दाढीला हात लावून पाहिला.

"परत कधी येणार?" हेमाने विचारलं.

"पुढच्या महिन्यात. माती बघायला."

ते खरोखरच पुढच्या महिन्यात आले, आणि त्याच्या पुढच्याही. पाचपैकी दोन कुंड्यांत नवी पालवी होती. शौकतभाईंनी चष्मा वर सरकवून ती जवळून पाहिली, मीटर खुपसला, आकडा वहीत लिहिला आणि हेमाच्या हाताखालच्या माळ्याला विचारलं, "पाणी कुठलं घालतोस रे?"